पालवी

कुत्रा पाळला की लोक विचारतात, "ब्रीड कुठली?" मांजर पाळली की विचारतात, "ओरबाडत नाही ना?" मासे पाळले तर कोणी काहीच विचारत नाही. पाल पाळली की मात्र सगळ्यांचा एकच प्रश्न, "का?"

गेले अडीच-तीन महिने हे "का?" मी ऑफिसात, लिफ्टमध्ये, सासुरवाडीला आणि खुद्द स्वतःच्या घरात ऐकतोय. तेव्हा म्हटलं, ह्या शनिवारी एकदाचं बैजवार लिहूनच काढावं.

पाल म्हणजे ती पिवळी, ठिपक्याठिपक्यांची लेपर्ड गेको नव्हे बरं का. ती अमेरिकेत दुकानात डॉलर मोजून मिळते, पिंजऱ्यातच जन्मलेली असते आणि नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षं जगते. (गंमत म्हणजे तिचं मूळ गाव अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत. म्हणजे आपल्याकडचीच, पण एनआरआय झालेली.) मी बोलतोय ते आपल्या ट्यूबलाइटमागे राहणाऱ्या, फडताळ उघडलं की सर्रकन पळणाऱ्या, रात्री चुकचुकणाऱ्या साध्यासुध्या पालीबद्दल. जिला पाळायची गरजच नसते, कारण ती आधीच आपल्या घरात राहत असते, भाडं न देता.

तर झालं असं. आमच्या सोसायटीत दर तीन महिन्यांनी पेस्ट कंट्रोलवाला येतो. नोव्हेंबरच्या शेवटी आला तेव्हा फ्रिजच्या मागे उंदरांसाठी म्हणून एक चिकट पुठ्ठा सरकवून गेला. आता आमचा फ्लॅट सातव्या मजल्यावर, उंदीर मी तरी कधी पाहिला नाही. पण पॅकेजमध्ये होता म्हणून त्याने ठेवला. तो पुठ्ठा जे करतो ते असं: आधी दोन-तीन झुरळं आणि एखादा पतंग त्याला चिकटतो. ते वळवळत राहतात. वळवळणारा किडा म्हणजे पालीसाठी जेवणाचं ताट. ती येते, एक पाय ठेवते आणि संपलं.

चौथ्या दिवशी सकाळी दूध काढायला गेलो तर फ्रिजमागून खरखर ऐकू आली. पुठ्ठा ओढून पाहिला. चारही पाय आणि पोट गोंदात रुतलेलं. शेपटी बाजूला वेगळीच पडलेली, तीही चिकटलेली. मी पोचायच्या आधीच तिने ती सोडून दिली होती. पण शेपटी देऊन सुटका होते ती मांजरापासून. गोंदाला शेपटी दिली तरी तो बाकीचं सोडत नाही.

शेंगदाण्याचं तेल, इअरबड आणि पाऊण तास. गोंद पाण्याने सुटत नाही, तेलाने सुटतो. एकेका बोटाखाली थेंब सोडायचा, थांबायचं, इअरबड हळूच फिरवायचा, पुढचं बोट. ओढायचं अजिबात नाही, कातडी कागदासारखी फाटते. नाकपुड्यांजवळ तेल जाऊ द्यायचं नाही. मग कोमट पाण्यात अगदी थोडा सौम्य साबण घालून अंग पुसायचं, परत साध्या पाण्याने. नऊचा स्टँडअप कॉल मी कॅमेरा बंद ठेवून केला. "एनी ब्लॉकर्स?" ह्या प्रश्नाला काय सांगणार? "नो ब्लॉकर्स" म्हटलं आणि डाव्या पायाची चार बोटं सोडवली.

सुटली, पण पळाली नाही. प्लास्टिकच्या डब्याच्या भिंतीवर चढायला गेली आणि घसरली. परत गेली, परत घसरली. पाल घसरते, हे दृश्य मी जन्मात पाहिलं नव्हतं. ते बघवत नाही.

इथे जरा विषयांतर. पालीच्या पायांना गोंद नसतो, शोषून धरणारे कपही नसतात. पायाच्या बोटांखाली आडव्या घड्या असतात, त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या केसांची दाटी असते आणि प्रत्येक केसाला पुढे शेकडो फाटे. टोके नावाची एक मोठी पाल असते, तिच्या एका पावलावर असे सुमारे पाच लाख केस मोजलेत. फाट्याचं टोक २०० नॅनोमीटरच्या आसपास. इतकं बारीक टोक भिंतीला इतकं जवळ टेकतं, की दोन रेणूंमध्ये जी एरवी नगण्य अशी ओढ असते ना, व्हॅन डर वाल्स बल, अकरावीत फक्त परीक्षेपुरतं वाचलेलं, ते लाखोंच्या संख्येने बेरजेत येतं आणि पाल छताला उलटी चालते. केलर ऑटम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० साली एकेक केस वेगळा काढून त्याची ताकद मोजली आणि २००२ साली हे काम व्हॅन डर वाल्सचंच आहे ह्याचा पुरावा दिला. पाय उचलताना ती बोटं टोकाकडून उलटी गुंडाळते, कोन बदलतो, पकड सुटते. धूळ बसली तर चार पावलं चालून पाय आपोआप साफ होतो. म्हणजे चिकटण्याच्या बाबतीत लाखो वर्षांची पीएचडी असलेला प्राणी, आणि त्याला एका पुठ्ठ्यावरच्या चिकट लगद्याने आडवं केलं. कारण हा लगदा धूळ नाही. तो केसांच्या फटीत जाऊन बसतो आणि चालून जात नाही.

मग उपाय काय? उपाय तिच्याकडेच असतो. कात. पाल ठरावीक दिवसांनी कात टाकते आणि पायाच्या गाद्यांवरचं कातडंही त्यात निघून जातं, नवीन केसांसकट नवीन तळवा मिळतो. ओळखीच्या एका पशुवैद्यांना फोन केला. ते आधी हसले, मग गंभीर झाले आणि म्हणाले, "ऊब, पाणी, स्वच्छता. बाकी हात लावू नका. कात टाकेपर्यंत सांभाळा." उन्हाळा असता तर तीन-चार आठवड्यांत काम झालं असतं. पण डिसेंबर तोंडावर. पुण्यात रात्री पारा १०-१२ वर उतरतो. थंडीत पालीचं सगळंच संथ होतं, कात टाकणंही.

तर "का?" चं उत्तर एवढंच आहे. तिला भिंतीवर चढता येत नव्हतं. न चढणारी पाल जमिनीवर किती वेळ टिकणार?

आता घरातली परिस्थिती. माझ्या बायकोला पालीची भीती वाटते. किळस नाही, भीती. लहानपणी आजोळच्या वाड्यात न्हाणीघरात पाल तिच्या खांद्यावर पडली आणि बाहेरची कडी कोणीतरी गमतीने लावली होती. तेव्हा ती आठ वर्षांची होती. आजही रात्री पाणी प्यायला जाताना ती आधी नुसता हात आत घालून दिवा लावते, दोन टाळ्या वाजवते, दहा आकडे मोजते आणि मग स्वयंपाकघरात पाऊल टाकते. मी लग्नाआधी समजायचो की हे नखरे असतात. एका रात्री तिचे हात थंडगार पडलेले पाहिले आणि तो विनोद बंद केला.

ती दारात उभी राहून म्हणाली, "तुला वाचवायची आहे तर वाचव. मी नको म्हणणार नाही. पण माझ्या अटी आहेत."

अटी अशा: डबा कामाच्या खोलीत, दार कायम बंद, झाकणावर वजन. फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकायचे नाहीत. चढता आलं त्या दिवशी मुक्काम संपला. आणि शेवटची, "नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलं की ती घरचीच होते."

मंजूर.

पहिल्या आठवड्यात मला जे कळलं ते सांगतो, कारण खरं तर ह्याचसाठी लिहायला बसलोय. भिंतीवर होती तेव्हा हिचा खर्च शून्य होता. ट्यूबलाइट लागली की किडे आपण होऊन यायचे. फ्रिजच्या कॉम्प्रेसरमागे रात्रभर ऊब. सिंकच्या पाइपवर पाण्याचे थेंब. कपाटामागे लपायला बोटभर फट. हे सगळं मी गेली दोन वर्षं पुरवत होतो आणि मला पत्ताही नव्हता. चालू प्रॉडक्शनमधली सिस्टिम उचलून आपल्या लॅपटॉपवर आणली की कसं एकेक डिपेंडन्सी तुटून समोर येते, अगदी तसं. डब्यात ठेवल्यावर ह्यातली एकेक गोष्ट मला हाताने उभी करावी लागली.

पाणी. वाटीत ठेवलेलं पाणी तिने तीन दिवस पाहिलंही नाही. पाल पाणी पिते ते पृष्ठभागावरचे थेंब चाटून. कपड्यांना इस्त्री करताना मारतात तो स्प्रे आणला, सकाळ-संध्याकाळ डब्याच्या एका बाजूवर फवारा. दुसरी बाजू कोरडी ठेवायची, सगळीकडे ओल राहिली तर जखम चिघळते. तळाशी माती नाही, नुसता टिशू पेपर, रोज बदलायचा. त्याचा एक फायदा असा की लेंडी लगेच दिसते. काळी लेंडी आणि टोकाला पांढरा ठिपका. तो पांढरा भाग म्हणजे तिची लघवी, पाणी वाचवण्यासाठी घट्ट करून टाकलेली. लेंडी दिसली म्हणजे खाल्लेलं पचतंय. सकाळी उठून मी आधी मेल न बघता लेंडी बघू लागलो.

ऊब. खाल्लेलं पचायला पालीला बाहेरून गरमी लागते, २८-३० अंशांच्या आसपास. ती नसेल तर अन्न पोटातच सडतं. एलईडी ह्या कामाला कुचकामी, त्या उजेड देतात, ऊब नाही. शेवटी देवघरातला झिरोचा बल्ब आठवला. नाव झिरो, पण ओढतो बारा-पंधरा वॉट आणि ती जवळपास सगळी उष्णताच. तो डब्याच्या बाहेर, एका टोकाला लावला. म्हणजे एक टोक उबदार, एक थंड, आणि मध्ये अंड्यांच्या ट्रेचा तुकडा लपायला. कुठे बसायचं ते ती ठरवणार. थर्मामीटर लावून दोन दिवस बल्ब इंच-इंच सरकवत बसलो. बायको दाराबाहेरून म्हणाली, "माझ्यासाठी गीझर दुरुस्त करायला तुला तीन आठवडे लागले होते."

अन्न हे सगळ्यात अवघड. तिला जिवंत आणि हलणारं लागतं, मेलेला किडा तिच्या दृष्टीने खडा. आकार तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढा, त्याहून मोठा नाही. घरातली झुरळं चालत नाहीत, कारण घरात नुकतंच औषध मारलेलं, ते किड्यातून हिच्या पोटात जाणार. मग मी, एका बऱ्या कंपनीत सीनिअर वगैरे असलेला माणूस, रात्री दहा वाजता सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर मोबाईलचा टॉर्च लावून लहान नाकतोडे आणि पतंग पकडत हिंडू लागलो. वॉचमन काकांनी दोन दिवस नुसतं पाहिलं, तिसऱ्या दिवशी विचारलं, "साहेब, काय हरवलंय का?" सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत. चौथ्या रात्री त्यांनी गेटच्या दिव्याखाली पकडलेले सहा पतंग प्लास्टिकच्या बाटलीत भरून ठेवले होते.

नंतर माशांच्या दुकानात मीलवर्म नावाच्या अळ्या मिळतात असा शोध लागला. ओट्स आणि गाजरावर जगतात. पण त्यात चरबी फार, म्हणून आठवड्यातून दोनदाच. आणि खायला देण्याआधी किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरायची, कारण डब्यातल्या पालींची हाडं त्याच्याशिवाय मऊ पडतात, जबडा वाकतो. परदेशात ह्याच्या खास डब्या मिळतात. मी मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून समुद्रफेन आणला, किसणीवर किसला. तेच ते, पोपटाच्या पिंजऱ्यात टांगतात ते. दुकानदार म्हणाला, "कानासाठी?" मी हो म्हटलं. प्रत्येक ठिकाणी खरं सांगायचा उत्साह आता राहिला नव्हता.

पहिले नऊ दिवस तिने काहीही खाल्लं नाही. हे लिहायला सोपं आहे. सोनं मोजतात तसला छोटा काटा मागवला होता. पहिल्या दिवशी ३.६ ग्रॅम. नवव्या दिवशी ३.१. पालीची शेपटी ही नुसती शेपटी नसते, चरबीची बँक असते. उपासमारीत त्यातून काढून खायचं. हिची बँक गोंदाला चिकटून कचऱ्यात गेली होती. (त्या तुटलेल्या शेपटीवर बारीक काट्यांच्या ओळी होत्या, त्यावरून ही हेमिडॅक्टिलस फ्रेनाटस असणार. ही जात माणसाच्या सामानातून, बोटींमधून पार ऑस्ट्रेलिया, मेक्सिको, प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत पोचलीय. कुठल्याही कंपनीच्या ऑनसाइट धोरणाशिवाय.) पकडून आणलेला रानटी जीव असाच करतो म्हणे. पिंजऱ्यात जन्मलेल्याला माणूस म्हणजे अन्न, पकडलेल्याला माणूस म्हणजे शत्रू. मी डब्यात डोकावणं हाच तिचा त्रास होता. मग तीन बाजूंना ब्राऊन पेपर लावला, डोकावणं बंद केलं. दहाव्या रात्री पतंग दोन सोडले होते, सकाळी एक होता.

आईला फोनवर सांगितलं. मला वाटलं ओरडेल. आई म्हणाली, "दिवाळीत दिसली असती तर लक्ष्मी म्हटली असती, आता काय उपयोग!" मग म्हणाली, "अंगावर पडू देऊ नकोस हो, पंचांगात बघावं लागतं." आमच्याकडे पालीचा हिशोब मोठा गमतीचा आहे. दिवाळीला दिसली तर शुभ, डोक्यावर पडली तर अशुभ, हातावर पडली तर कुठला हात त्यावर अवलंबून. बोलता बोलता चुकचुकली तर आज्जी बोट जमिनीवर आपटून "कृष्ण कृष्ण" म्हणायची. मनात शंका आली तरी चुकचुकणार ती हीच. तिकडे कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात सोन्या-चांदीच्या पाली आहेत, त्यांना हात लावला की पालदोष जातो म्हणतात. आणि हिचीच लांबची नातलग घोरपड, तिला आपण सिंहगडाच्या कड्यावर चढवून यशवंती असं नाव दिलं, दंतकथा का असेना. नशीब एकेकाचं.

विषारी मात्र ती नाही. जगातली कुठलीच पाल विषारी नाही. दुधात पडली म्हणून विषबाधा झाली असं आपण ऐकतो, त्यात विष तिचं नसतं. तिच्या पोटात, लेंडीत साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात, त्यामुळे हात साबणाने धुवायचे हे खरं. बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "मला ती चावेल म्हणून भीती वाटते असं तुला कोणी सांगितलं?" मुद्दा बरोबर होता.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात प्रॉडक्शनला काहीतरी मोठं पडलं आणि मी रात्री अकरापर्यंत ऑफिसात अडकलो. संध्याकाळचा फवारा राहिला होता, सकाळचाही घाईत राहिलेला. फोन केला. फार वेळ पलीकडे शांतता. मग, "एक वेळ नाही प्यायली तर मरते का?"

"मरणार नाही. राहू दे, मी आल्यावर बघतो."

पावणेबाराला मेसेज आला: "मारलं पाणी. झाकण उघडलं नाही, जाळीतूनच मारलं. ती डोळे चाटते???"

पालीला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक आवरण असतं आणि ते ती जिभेने पुसते, गाडीच्या वायपरसारखं. घरी पोचलो तर बायको कामाच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसली होती, डब्यापासून चांगली आठ फूट लांब. हातात स्प्रेची बाटली घट्ट धरलेली. म्हणाली, "पालवी दोनदा चाटली. एकदा उजवा, एकदा डावा."

"कोण?"

"पालवी. शेपटीला काहीतरी फुटतंय तिच्या, पाहिलं नाहीस?"

फुटत होतं खरंच. तुटल्या जागी काळसर कोंब. शेपटी मणक्यातल्याच ठरलेल्या रेषेवर तुटते, तिथल्या रक्तवाहिन्या लगेच आवळल्या जातात म्हणून रक्त फारसं येत नाही. नवी येते तिच्यात मणके नसतात, एक सलग कूर्चा असते. रंगही जरा वेगळा, काटेही नाहीत. पण चरबी साठवायचं काम होतं. नाव न ठेवण्याची अट कोणी मोडली ह्यावर आमच्यात चर्चा झाली नाही :)

भीती गेली का? नाही. तिच्या टाळ्या आजही वाजतात. ती त्यानंतरही डब्याच्या आठ फुटांच्या आत आली नाही.

जानेवारीच्या मध्यावर एका सकाळी पालवी पांढुरकी, भुरकट दिसायला लागली. मला वाटलं संपलं. संध्याकाळी बघतो तर ती स्वतःचंच कातडं तोंडाने ओढून काढत होती आणि खात होती. पायाची कात एकेका बोटातून हातमोजा काढावा तशी. मी पाच मीटिंगांपैकी दोन बुडवल्या. रात्री साडेनऊला ती डब्याच्या भिंतीवर चढली, अर्ध्यावर थांबली, मागचा उजवा पाय सरकला. ह्या पायाच्या दोन बोटांवर कात अडकून राहिली होती. अडकलेली कात बोटाला दोऱ्यासारखी आवळते आणि बोट जातं. ओल्या कापसावर वीस मिनिटं बसवून, त्याच जुन्या इअरबडने ती काढली. तीन दिवसांनी ती झाकणाच्या जाळीला उलटी लटकलेली होती. वजन ४.२.

अट होती, चढली की मुक्काम संपला. प्रश्न होता, सोडायची कुठे. पाळीव म्हणून ठेवून घ्यायचा मोह मला झाला, खोटं कशाला बोलू. पण तिला माझ्याकडून काय मिळत होतं? फ्रिजमागे फुकट मिळायचं तेच, जास्त त्रासाने. हात लावला तर तिला लाड वाटत नाहीत, मरण वाटतं. रोज नेमाने वाट पाहायची ती मीच. आणि दुकानातून आणलेला प्राणी वेगळा, भिंतीवरचा उचलून पाळणं वेगळं. कायद्याच्या दृष्टीनेही वन्यजीव घरात ठेवणं हा खेळ नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हिची नातलग घोरपड तर पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. (आणि ह्याच हेमिडॅक्टिलस कुळातली, साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरची एक पाल शास्त्रज्ञांनी २००८ साली नवीन जात म्हणून नोंदवली. म्हणजे आपल्या दगडांखाली काय काय आहे ते आत्ता कुठे मोजलं जातंय.)

बायकोचं म्हणणं, खाली बागेत. माझं म्हणणं, बागेत मांजरं आहेत, औषधाचे फवारे आहेत, अजून थंडी आहे आणि तिची शेपटी अर्धीच आलीय. ती घरातली पाल आहे, तिला बागेतलं काही माहीत नाही.

"आणि मी पण घरातलीच आहे," बायको म्हणाली. ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चिडून नव्हती म्हणाली. दोन आठवडे आम्ही हा विषय जेवताना काढला आणि बाजूला ठेवला. मी कबूल केलं होतं की ती म्हणेल तिथे सोडीन, तिने कबूल केलं होतं की पाल मरेल असं काही ती सांगणार नाही. दोघांनाही आपापला शब्द जड जात होता.

मधल्या काळात सोसायटीच्या मीटिंगला पुठ्ठ्यांचा विषय मांडला. चेअरमन काका म्हणाले, "पालीसाठी अजेंडा?" मी म्हटलं, सहा महिन्यांत किती उंदीर पकडले ते सांगा. कोणालाच आठवेना. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मग सांगितलं, त्यांच्या डक्टमधल्या पुठ्ठ्याला चिमणी चिकटली होती. तेवढ्यावर निदान जिन्यातले आणि डक्टमधले पुठ्ठे काढून साधे पिंजरे लावायचं ठरलं. घरातलं ज्याचं त्याने बघावं. पार्किंगबद्दल "विचार करू."

तोडगा शेवटी बायकोनेच काढला. स्वयंपाकघरापलीकडे आमची ड्राय बाल्कनी आहे, मध्ये जाळीचं दार. तिथे वॉशिंग मशीन, मागे ऊब, गळका नळ, आणि रात्री दिवा लावला की किडे. "जाळीच्या पलीकडे तिचं, अलीकडे माझं," ती म्हणाली. "दाराखालची फट तू आज बुजव. आणि मशीन लावणं, कपडे वाळत घालणं, काढणं आजपासून तुझं. कायमचं."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, थंडी मोडल्यावर, संध्याकाळी डबा तिथे आडवा ठेवून झाकण काढलं. पालवी वीस मिनिटं जागची हलली नाही. मग एका दमात भिंतीवर, भिंतीवरून पाइपामागे. मागे वळून वगैरे काही पाहिलं नाही. बायको जाळीच्या अलीकडून पाहत होती. तिने विचारलं, "चारही पाय नीट टेकले ना?"

गेले तीन आठवडे कपडे मी वाळत घालतोय. मशीनवर अधूनमधून पांढऱ्या ठिपक्याची लेंडी असते. एकदा पाइपामागून चुकचुकणं ऐकलं. बायकोने ओट्यावर बोट आपटलं.

डबा धुऊन माळ्यावर टाकला, झिरोचा बल्ब देवघरात परत गेला. राहिल्या फक्त उरलेल्या अळ्या. ओट्सचा डबा परवा उघडला तर त्यांच्या कोष होऊन चांगले अकरा काळे भुंगे झालेत, गाजर खात बसलेत. बायको ह्यांना भीत नाही. ती डब्यात डोकावून म्हणाली, "हे पण सातव्या मजल्यावरून बागेत सोडायचे नाहीत का आता?"